पाणी नको, औषधच घाला

अहो, एका पंपापायी मी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या पंपांच्या कारखान्यात दिवसभर ठाण मांडून बसले होते. आमच्या कंपनीत प्रथिनांपासून इंजेक्शनचं औषध बनतं. ते एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न्यायला पंप हवा होता. मालक शिवण्णांनी पाणी घालून पंप चालवला आणि म्हणाले, "बघा अक्का, थेंब गळत नाही. सही करा." सोबत आलेले माझे साहेबही घाई करत होते.

मी म्हटलं, "पाण्याला काय होतंय? आमचं प्रथिन जोरात घुसळलं की नासतं. कॅनभर औषध आणलंय, ते घाला."

"स्वल्प... जरा जास्तच हट्ट करताय," असं कानडी-मराठीत म्हणत शिवण्णांनी ते घालून पंप सुरू केला.

तासाभरात काचेसारखं स्वच्छ औषध ताकासारखं पांढरं झालं. शिवण्णा म्हणाले, "पण पंप तर छान चाललाय."

"चाललाय. पण हे इंजेक्शन तुमच्या आईला द्याल का?"

"नाही," शिवण्णा म्हणाले आणि हळू चालणारा दुसरा पंप त्यांनी स्वतःच्या हाताने जोडला.