तडकलेली झांज

चिमणी : पट्टीला हात लावू नकोस म्हटलं ना!

दादा : अगं, मनगट सुजलंय तुझं. बाहेर लंबू बास गिटार लावून खोळंबलाय, साउंड चेक व्हायचाय अजून. नीट बांधून देतो, मग जाऊ.

चिमणी : काकांनी बांधलंय. तू तिकडं त्या खोक्यावर बस आणि आईनं आत्ता फोनवर काय विचारलं ते ऐक.

दादा : आईचं काय मध्येच? बरी आहे ना ती?

चिमणी : ठणठणीत आहे. आपली रेकॉर्ड ऐकत बसली होती. म्हणाली, ‘चिमणे, तुझं ते तडकलेलं ताट कुठं गेलं गं?’

काका : ताट नव्हे गं, तुझी ती ड्रमवरची झांज. वहिनीचं डोकं उठायचं तिनं. शेजारीपाजारी भांडायला यायचे ते त्या झांजेवरूनच. आणि आता ऐकू येत नाही म्हणून चौकशी! बायकांचं काही...

चिमणी : काका, थांबा जरा. दादा, बोल. कुठं गेली माझी झांज?

दादा : मिक्सिंगमध्ये साफ होतं गं सगळं. तो इंजिनियर बारीकसारीक सगळं घासूनपुसून घेतो.

चिमणी : तडा पुसला जातो? पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी जिन्यावरून ती तू पाडलीस. तेव्हापासून खळ्ळ करून ओरडते. मी नवी आणायला निघाले तर तूच अडवलंस. म्हणालास, राहू दे, आपल्या गाण्यांना हाच आवाज शोभतो. रेकॉर्डवर मात्र ती देवळातल्या घंटेसारखी गोड वाजतेय!

दादा : म्हणजे तू ऐकलीस? चिमणे, आपलं ठरलं होतं.

चिमणी : आपलं नाही, तुझं ठरलं होतं. ‘आपली रेकॉर्ड आपण ऐकायची नाही, वाजवायची.’ मला वाटलं, काय बाणेदार भाऊ आहे माझा! गल्लीभर सांगत फिरले मी ते. आज दुपारी काकांच्या व्हॅनमध्ये बसले, काचा वर केल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ‘एक, दोन, तीन, चार’ ही आरोळी माझी. त्यापुढचा एक ठोका माझा नाही.

(बाहेर कुणीतरी माइकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करत राहतं.)

चिमणी : तोंड माझं ठेवलंत आणि हात दुसऱ्याचे लावलेत. कोण होता?

दादा : रेकॉर्ड कंपनीनं आणला होता एक. रोजंदारीवर वाजवणारा.

काका : टकलू होता. वाजवताना च्युइंगम चघळायचा. त्याचे ड्रम मीच वर स्टुडिओत चढवले की, लिफ्ट बंद होती त्या दिवशी.

चिमणी : काका! तुम्हीसुद्धा?

काका : अगं, मला काय ठाऊक! हा मला आणि लंबूलाही म्हणाला, चिमणीशी बोलणं झालंय. मला वाटलं, झालं असेल. भावाबहिणीच्या मध्ये मी कशाला नाक खुपसू? काय रे, नव्हतं झालं?

दादा : काका, तुम्ही बाहेर थांबता का थोडा वेळ?

चिमणी : कुठं जाणार नाहीत ते. मी कुठं होते तेव्हा? सांग ना. मी कुठं होते?

दादा : हॉस्पिटलमध्ये.

चिमणी : आईच्या खाटेपाशी. थोरला म्हणून तू बसायचं होतंस. मी म्हटलं, दादा, माझं वाजवून झालंय, तू गा, मी बसते. रोज फोन करायचास. ‘कसं चाललंय?’ विचारलं की म्हणायचास, ‘झकास, तुझे ड्रम ऐकून सगळे गार.’ लाज कशी वाटली नाही रे?

दादा : हे बघ, तो कंपनीचा माणूस म्हणाला, ठेका डळमळतोय. पुन्हा वाजवून घ्या, नाहीतर अल्बम विसरा. तू तिकडं आईपाशी. तुला कुठल्या तोंडानं बोलावू?

चिमणी : त्याच तोंडानं, ज्यानं रोज स्टेजवर ओरडतोस! ‘दोस्तांनो, हा अल्बम आम्ही एका दमात वाजवलाय! यात काही खोटं नाही!’ आणि मी मागं बसून छाती फुगवतेय, गाढवासारखी. गावोगाव पोरं येऊन सांगतात, ताई, रेकॉर्डवर काय सुसाट वाजवता, इथं ढिलं का पडलं? आणि तू? स्टेजवरून उतरलास की माझ्यावर खेकसायचास. ‘पेंगत वाजवतेस. पळव जरा. माझं गाणं पाडतेस.’ म्हणून पळवलं मी! मनगट वाजायला लागलं तरी पळवलं. डॉक्टर म्हणाला महिनाभर काठीला हात लावू नका, तर मी त्याच्याशी भांडून आले. मला वाटलं, मीच कमी पडतेय. कुणाशी शर्यत लावली होतीस माझी? त्या टकलूशी?

दादा : चुकलं माझं.

चिमणी : ते झालंच. डळमळत कुठं होतं, ते सांग.

दादा : आता कशाला ते?

चिमणी : कुठल्या गाण्यात?

दादा : सगळ्याच.

चिमणी : थाप मारू नकोस. एक गाणं सांग, एक ओळ सांग. मी आत्ता इथं खोक्यावर वाजवून दाखवते.

काका : ए, थांबा. मला एक कळत नाहीये. तो कंपनीचा माणूस ठेक्याबद्दल कधी बोलला रे?

दादा : काका, तुम्हाला त्यातलं काय कळतं?

काका : काही कळत नाही बाबा. मी चहा घेऊन आत आलो होतो, एवढंच. तू काचेपलीकडं उभा होतास, घामाघूम. तो म्हणत होता, ओळ संपायच्या आधी याची हवा संपते. मला वाटलं, माइकबिइकची काही भानगड असेल.

चिमणी : हवा संपते? कुणाची? दादा, माझ्याकडं बघ.

दादा : माझी! झालं समाधान? माझी संपते! तुझ्या वेगाला ओळी लांबतात. ‘हजेरी’ गाण्यातली ती शेवटची ओळ आहे ना, टोकापर्यंत जाईस्तोवर माझं मांजर होतं. त्यानं ठेक्याचा वेग वाढवून बघितला आणि ओळ बसली. मग म्हणाला, सगळीच गाणी अशी करू.

चिमणी : मग मला म्हणायचंस, चिमणे, वेग वाढव. मी नाही म्हटलं असतं?

दादा : तू विचारलं असतंस, का म्हणून.

चिमणी : विचारलंच असतं.

दादा : मग सांगावं लागलं असतं ना. तुला, लंबूला, सगळ्यांना. भिंत फोडणारा आवाज म्हणून पोस्टर लावतात माझं. जिना चढलो तरी धाप लागते मला आणि सिगरेट सुटत नाही. कुणाला सांगू हे?

चिमणी : म्हणजे दम तुझा गेला आणि मनगट माझं.

दादा : तसं नव्हतं गं मनात.

चिमणी : मनात काय होतं ते घाल चुलीत! गावागणिक बघत होतास ना पट्टी जाड होताना? एकदा, एकदा तरी म्हणायचंस!

काका : चिमणे, चल. व्हॅन दारातच लावलीय. तू नुसतं हो म्हण, मी गाडी काढतो. सरळ घरी जाऊ. याला येऊ दे बसनं, धापा टाकत.

दादा : काकांचं बरोबर आहे. मी सांगतो आयोजकांना, हात दुखावलाय म्हणून. रद्द करू.

चिमणी : पुन्हा माझ्याच हातावर ढकल! वा रे वा. काका, पट्टी आवळा. अजून. मी वाजवणार आहे.

काका : अगं, हात कायमचा जाईल.

चिमणी : पळवलं तर जाईल. माझ्या वेगानं वाजवलं तर काही होत नाही त्याला. इतकी वर्षं कुठं काय झालं होतं?

दादा : चिमणे, बाहेर पोरांना रेकॉर्ड तोंडपाठ आहे.

चिमणी : मग रेकॉर्ड घरी जाऊन ऐकतील. आज इथं मी आहे. आणि माझी झांज आहे, तडकलेली. माइक पुढं ओढ तिच्या, शेवटच्या पोराला ऐकू गेली पाहिजे.

दादा : आणि उद्या?

चिमणी : उद्याचं उद्या. भाऊ म्हणून तुझ्याशी बोलायचं की नाही, तेही उद्याच बघेन. आज ते ‘एका दमात’ बोलायचं नाही.

दादा : मग सुरुवातीला काय बोलू?

चिमणी : काही नको. मी मोजेन, तू सुरू हो.

काका : चला, बोलावताहेत. काठ्या घेतल्यास का गं? आणि तू पाणी पी रे, घशाला कोरड पडली असेल.

दादा : चिमणे, ‘हजेरी’ तुझ्याच वेगानं?

चिमणी : माझ्याच.

दादा : आणि शेवटच्या ओळीत श्वास नाही पुरला तर?

चिमणी : तर थांब. मी वाजवत राहीन.