शिवीऐवजी म्हण

कापूरहोळच्या थांब्यावर शेफालीबाई मांडीवर नववीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन भोरच्या एसटीची वाट बघत होत्या. शेजारच्या दोघींच्या बोलण्यात ‘मराठीच्या बाई’ ऐकू आलं, तशा आपलं कौतुक ऐकायला त्या जरा सरकून बसल्या.

“बाईंनी पोरांना सांगितलंय, मोबाईलवर कुणाला शिवी द्यायची न्हाई. बोलायचंच असंल तर म्हण लिवायची. अन् तीच वहीत उतरून आणायची.”

“ब्येस केलं की! म्हाताऱ्यांचं शहाणपण तरी कामी येईल.”

“आलं ना. आमच्या सईनं हळदीत नाचल्याचा व्हिडिओ टाकला. त्याच्याखाली अख्ख्या वर्गानं म्हणी लिवल्या. बाईमाणसाच्या चालीवरच्या, लाजंवरच्या. सत्तावीस.”

“आगं बया! येवढ्या म्हणी पोरांला कुठनं ठाव?”

“घरोघरी इचारल्या.”

“आमच्या गोरखनं मला बी इचारलं व्हतं. अभ्यास हाय म्हनला. म्या हौसेनं तीन सांगितल्या.”

“व्हय. त्या तिन्ही हायत त्यात.”

“…सई कशी हाय गं?”

“चार दिस दार लावून बसलीया. काल आतून कात्रीचा आवाज आला. कमरंएवढी वेणी कापून टाकली पोरीनं.”

“आगं, मग शाळंत जाऊन सांग की!”

“काय सांगू? पोरांच्या वह्या बघितल्या म्या. त्याच म्हणी हायत. खाली बाईंनी लाल पेनानं ‘शाब्बास’ लिवलंय.”

एसटी लागली. सईची आई उठली आणि वह्यांचा गठ्ठा बघून थबकली.

“ताई, तुमी शाळंत शिकवता व्हय? नववीच्या मराठीच्या बाई कुठं भेटतील?”