चौथा कोपरा

दादाभाऊ : टेप ढिला सोडू नको म्हणलं व्हतं ना? परत चौथा कोपरा जुळंना.

मंगल : ढिला? आवं, घोरपडीवानी भिंतीला चिकटून बसलीय मी. तिसऱ्यांदा मोजतोय आपण ही खोली.

दादाभाऊ : मग ह्यो लॅपटॉपच खुळा हाय. तुझ्या भावाचा म्हंजी तसाच आसणार.

मंगल : माझ्या भावाला मधी आणू नका. त्यानं दिला म्हणून तुमची शाळा चाललीया.

दादाभाऊ : शाळा न्हाई, कोर्स. कॅडचा. घराचे प्लॅन कॉम्प्युटरवर काढायचा.

मंगल : त्येच की. बाकी समदी पोरं आपल्या समृद्धीहून जरा मोठी. काका काका करत्यात तुमाला.

दादाभाऊ : काका तरी बरं. पहिल्या दिवशी एकानं माझ्याकडं फळा पुसायचं फडकं मागितलं. शिपाई वाटलो त्याला.

मंगल : मग?

दादाभाऊ : मग काय, दिलं हुडकून.

मंगल : अगं बाई! आन् ते माऊसचं सांगा की.

दादाभाऊ : त्यात काय सांगायचं? उभा जल्म हातात गवंड्याची थापी. माऊसबी थापीसारखाच धरला आन् दिला एक रेटा. आख्खा बंगला स्क्रीनच्या भाईर गेला. मॅडमनी लई हुडकला. त्यांनाबी गावला न्हाई.

मंगल : हसवू नका, टेप सुटंल. भाईरनं मोजायचं ऱ्हायलंय का? अंधार पडायच्या आत उरका. काल उसाच्या कडंला बिबट्या बसला व्हता म्हणं.

दादाभाऊ : त्याला म्हणावं थांब जरा, परवा परीक्षा हाय माझी.

मंगल : परवा हाय, आन् तुमी चेष्टा करताय.

दादाभाऊ : चेष्टा करू नको तर काय करू? परांचीवरनं पडलो तवापासनं गुडघा दुमडंना. गवंडीकाम संपलं माझं. आळेफाट्याचा कॉन्ट्रॅक्टर सुपरवायझर म्हणून घेतो म्हणतोय, पण आधी सर्टिफिकेट आणा. आन् सर्टिफिकेट अडकलंय ह्या एका कोपऱ्यात. आपलं राहतं घर मोजा आन् प्लॅन काढा, एवढंच सांगितलंय. पोरांनी कवाच काढलं. मला गवंड्याला जमंना. भ्या वाटतंय मंगल, खरंच.

मंगल : कितीनं जुळंना?

दादाभाऊ : वीतभर. तीन भिंती झ्याक बसल्या, चौथी काढली की फट. मांजर जाईल एवढी.

मंगल : कुठल्या कोपऱ्यात?

दादाभाऊ : तिथं, खाटंच्या पायथ्याला.

मंगल : मग हाय की तिथं.

दादाभाऊ : काय?

मंगल : वीतभर फट. खाट उशाकडं भिंतीला चिकटती, पायथ्याला सुटती. मी पिठाचा डबा ठिवते न्हवं का त्या सांदीत? लगीन होऊन आले तवापासनं. गोल डबा बसंना म्हणून चौकोनी घेतला.

दादाभाऊ : आन् तू कधी बोलली न्हाईस?

मंगल : तुमी गवंडी. मला वाटलं, डब्यासाठीच मुद्दाम सोडली आसंल.

दादाभाऊ : थांब. खाट वढ इकडं. कर्ण मोजू.

मंगल : आता ह्ये काय काढलं?

दादाभाऊ : ह्या कोपऱ्यातनं समोरच्या कोपऱ्यात तिरका टेप लावायचा. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही आकडे सारखे आले तर खोली काटकोनात. मिसरूड फुटायच्या आधी शिकतो आमी ह्ये.

(खाट ओढल्याचा आवाज. डबा लवंडतो.)

मंगल : गेलं माझं पीठ!

दादाभाऊ : जाऊ दे पीठ. टेप धर. सव्वाएकोणीस फूट. आता तिकडनं. सांग.

मंगल : पावणेवीस.

दादाभाऊ : नीट बघ.

मंगल : पावणेवीसच हाय, राव.

दादाभाऊ : हात्तिच्या मारी! म्हंजी लॅपटॉप खरं बोलतोय. घरच वाकडं हाय!

मंगल : कुणी बांधलं वो ह्ये घर?

दादाभाऊ : मंगल...

मंगल : न्हाई, आपलं इचारते. नाव कळलं म्हंजी परत त्याला काम द्यायला नको.

दादाभाऊ : तुझ्या बापानं अट घातली व्हती, आधी पक्कं घर, मग हळद. दिवसा गेणभाऊच्या बंगल्याचं काम, सांजच्याला आपलं. काटकोन धरायचा गुण्या ऱ्हायचा त्यांच्या साइटवर. म्हणलं, आपलंच तर घर हाय, डोळ्यानं धरू. आन् डोळा कुठं व्हता? तुझ्या फोटूवर.

मंगल : चला, कायतरीच तुमचं.

दादाभाऊ : गेणभाऊचा बंगला मोज जाऊन. सुतात हाय. आख्ख्या पिंपळवंडीला सरळ भिंती दिल्या मी, आन् ऱ्हायलो वाकड्यात. वर मिशीला पीळ देत हिंडलो, दादाभाऊ मिस्त्री म्हणून!

मंगल : पुरं झालं. मॅडमला फोन लावा. स्पीकरवर टाका, मलाबी ऐकू द्या.

श्रेया मॅडम : हां, बोला काका. झाला का प्लॅन?

दादाभाऊ : मॅडम, चौथा कोपरा वीतभर सुटतोय.

श्रेया मॅडम : एवढंच ना? ऑर्थो ऑन करा. मग रेषा सरळच येतात. चौथी भिंत ओढून जुळवून टाका.

दादाभाऊ : पण भिंतच तिरकी हाय ना मॅडम.

श्रेया मॅडम : काका, परीक्षेला बाहेरचे सर येणारेत. ते काय तुमच्या घरी बघायला येतात का? वाकडा प्लॅन दिसला की म्हणतील, यांना मोजताच येत नाही. नापास करतील हो. आणि तिरकी कशी असेल? असली भिंत कोणता गवंडी बांधेल?

दादाभाऊ : व्हता एक. लगीनघाईत व्हता.

श्रेया मॅडम : काय?

दादाभाऊ : काय न्हाई मॅडम. ठिवतो.

मंगल : ऐकलं ना? करा मग सरळ.

दादाभाऊ : केलं. ह्ये बघ. एक बटण, आन् मिटली फट.

मंगल : लई झ्याक दिसतंय. मग त्वांड का पडलं?

दादाभाऊ : डबा कुठं ठिवायचा ह्यात?

मंगल : कागदावर पीठ कशाला लागतंय?

दादाभाऊ : तसं न्हाई. उद्या सुपरवायझर झालो. कुणा पोराच्या भिंतीला टेप लावला आन् वीतभर चूक निघाली. तो म्हणला, भाऊ, ऱ्हाऊ द्या, कागदावर सरळ करून टाका. मी काय सांगू त्याला? माझंबी तसंच झालं म्हणून?

मंगल : आन् नापास झाला तर? त्यो गुडघा घेऊन कुठं जाणार तुमी? तुमालाच भ्या वाटतंय व्हय? रातीला उठताना तुमी खाटंला धरता, मी जागीच आसते.

दादाभाऊ : ठावं हाय मला.

मंगल : मग?

दादाभाऊ : मग ह्ये केलं ऑर्थो बंद. घे, आली फट. आन् दोन्ही कर्ण लिहितो प्लॅनवर. सव्वाएकोणीस आन् पावणेवीस. ज्याला मोजायचं कळतं त्याला दिसंल, मोजलंय का न्हाई. त्यालाबी कळंना, तर आपलं नशीब.

मंगल : आन् त्यानं इचारलं, असलं घर बांधलं कुणी?

दादाभाऊ : खाली प्लॅन काढणाऱ्याचं नाव आसतं, त्याच्यावर बोट ठिवीन. म्हणंन, ह्यानंच.

मंगल : थांबा मग. खाट सरकवायच्या आत धरते टेप.

दादाभाऊ : आता कशाला? समदं मोजून झालं की.

मंगल : डब्याची जागा ऱ्हायली न्हवं का.