बेटावरचे बगळे

इतवारीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर शेजारपाजारची दोघं बोलत होती.

"रुपरावभाऊ, तलावातल्या बेटावरची झाडं काहून तोडून राहिले?"

"हॉटेल बांधून राहिले वं कामिनी. पार्किंग, सेल्फी पॉइंट, सारंच."

"एवढ्याशा बेटावर? अन् चिंचेवर बगळ्यायची घरटी होती, त्यायचं काय?"

"मी तिथल्या कामावरच्या साहेबाले तेच विचारलं. तो म्हणे, काका, बगळे प्लॅनमध्ये आहेत."

"म्हणजे?"

"सिमेंटचे. रातच्याले पोटात लाइट लागन त्यायच्या."

"आग लागो त्या प्लॅनले! जित्या पाखरायचं घर मोडता अन् सिमेंटचे पोसता? अन् खरे बगळे गेले कुठं?"

"तुयाच अंगणातल्या कडूनिंबावर न वं. महिना झाला, तिथंच राहून राहिले."

"ते होय? धुणं घाण करून राहिले होते, म्हणून आमच्या ह्यायनं कालच तो निंब तोडला."