गोजरबाईचा चिंचोका

...आणि वर म्हणे मतदान गुप्त पायजे! आता तुमीच सांगा, तेरा नोकरांच्या शाळेत गुप्त काय ऱ्हातंय? सकाळी कुणाच्या घरी पिठलं झालं ते दुपारच्या घंटेआधी साऱ्यांना ठावं! पण हुकूम म्हंजी हुकूम. अठ्ठेचाळीसची दिवाळी नुकती सरलेली, निजामाचं राज्य जाऊन दोन महिने झालेले, आन हिंगोलीतल्या एका सरकारी शाळेत कागद आला... मास्तरांपासून चपराशापर्यंत साऱ्यांनी मिळून आपला एक माणूस निवडावा, त्यानं नोकरांची गाऱ्हाणी सायबापुढं मांडावी. हेडमास्तरांनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आन पलीकडं सरकवला. "उकंडराव, हे तुमी बघा." बघा! उभ्या जन्मात कुणी निवडणूक बघितली व्हती? पण करायचं कुणी? उकंडरावानं!

उकंडराव शाळेचा कारकून. तुमाला सांगतो, माणूस इतका सरळ की शाई सांडली तरी रेघेवर सांडायची. त्यानं यादी करायला घेतली, आन अकराव्या नावावर त्याचा हात थांबला. 'संतराम, पाणक्या.' संतराम तर अकरा वर्षांमागंच तापानं गेलेला! दुसऱ्या दिवशी त्याची बायको गोजरबाई घागर घेऊन दारात उभी राहिली, म्हणाली, "पाणी मी भरते, लेकरं हायेत." बाईचं नाव हजेरीच्या बुकात घालायची सोय नव्हती. उकंडरावानं खाली मान घालून संतरामची हजेरी लावली. त्या दिशी लावली ती लावलीच. आता खरं नाव लिहावं तर चोरी उघडी, नोकरी दोघांचीबी जायची. न्हाई लिहावं तर मेलेला माणूस मत द्यायला येणार कसा? दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई बिचाऱ्याला. तिसऱ्या दिवशी संतरामवर रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'गोजरबाई', आन यादी भिंतीला लावून टाकली. म्हणला, व्हायचं ते व्हऊ दे.

उभे दोघं. एक गुलाबचंद मास्तर. बोलाया लागले की घंटा झाली तरी पोरं सुटायची न्हाईत! दुसरा प्रेमसिंग पहारेकरी, औंढ्याच्या वाटंवरल्या तांड्याचा. देवमाणूस, पण दिवसाला चार शब्द बोलणार, त्यातले दोन बैलाला. निम्म्यांना वाचता येत न्हाई, मंग चिठ्ठ्या कशा करायच्या? उकंडरावानं डोकं चालवलं. प्रत्येकाला एक चिंचोका. फळ्यामागं दोन भांडी. खडू ठेवलेलं मास्तरचं, काठी ठेवलेलं पहारेकऱ्याचं. फळा मोठा, आत कोण काय करतंय दिसायचं न्हाई. एकदम गुप्त! फळा उचलायचा कुणी? भांडी आणायची कुणी? उकंडरावानं!

पण गडबडीत झालं काय, मास्तरच्या वाट्याला आली तांब्याची कळशी, आन प्रेमसिंगच्या वाट्याला मातीचं मडकं! पहिला गडी आत गेला... टण्ण! बाहेर सारे एका सुरात, "मास्तर एक!" दुसरा गेला... थप्प! "प्रेमसिंग एक!" उकंडराव ओरडून राहिला, "अहो, कान झाका, कान झाका!" कोण झाकतंय? हेडमास्तर सोता बोटं मोजून राहिले व्हते!

बारा जण झाले. सहा टण्ण, सहा थप्प. उरली गोजरबाई.

तशी गुलाबचंद मास्तर ताडकन उठले. "हरकत! बुकात संतराम आहे. संतराम मयत आहे. ही बाई नोकर कशी?"

हेडमास्तर म्हणाले, "उकंडराव, ही हजेरी कुणी लावली?"

उकंडरावानं मान वर केली. "म्या लावली सायेब. संतराम गेला, पण अकरा वर्षं पाण्याचा एक खाडा न्हाई. खोटं नाव लिहिलं, तो कसूर माझा. काम मातर खरं हाय."

हेडमास्तरांच्या हातात गोजरबाईनंच भरलेल्या पाण्याचा पेला व्हता. त्यांनी पेल्यात बघितलं, घोट घेतला, सावकाश गिळला. "बुकात बाईंचं नाव चढवा. मी दस्तखत करतो. जा बाई, मत द्या."

गोजरबाई फळ्यामागं गेली. बाहेर साऱ्यांचे कान फळ्याकडं. प्रेमसिंग गालात हसून राहिला, त्याचं तर झालंच व्हतं की!

...टण्ण!

मास्तरचं तोंड उघडं ते उघडंच! कसंबसं विचारलं, "बाई, मी तुमच्या आड आलो, आन मलाच? काहून?"

"काहून म्हंजी?" गोजरबाई पदर सावरत म्हणाली. "प्रेमसिंग माझ्या भावावानी हाय, पण सायबापुढं उभा केला तर नुसता उभाच ऱ्हाईल. तुमी माझ्याइरोधात येवढं बोलला, मंग माझ्यासाठी किती बोलाल? आडाचं चाक मोडलंय. घ्या, करा सुरू."

सगळ्यात आधी प्रेमसिंगच हसला, मंग सारी शाळा. आन मास्तरनं केलं सुरू! आठ दिवसात चाक आलं, पंधरवड्यात चपराशांना बसाया बाकडं आलं, गोजरबाईला दुपारी घटकाभर इसावा मिळाला. सारे खूश. फकस्त हेडमास्तर एका सांजेला कपाळ धरून बसलेले. मास्तर नुकतेच सतरावं गाऱ्हाणं सांगून गेलेले.

"उकंडराव, पुढली निवडणूक कधी हो?"

"वरसानं, सायेब."

हेडमास्तरांनी उसासा टाकला. "मंग दार लोटून घ्या. त्यांचं अठरावं ऱ्हायलंय म्हणत व्हते."