भगवानची खाली बंदूक

लेकरांना बंदूक चालवायला शिकवावं का, असं कोणी मला विचारलं, की मी आमच्या भगवानचं नाव सांगतो. भगवान माझा पुतण्या. आष्टीजवळ त्याचं शेत हाय. रानडुकरांसाठी त्यानं परवान्याची बंदूक घेतली. डुक्कर आजवर एकबी मेलं न्हाई, पण दर दसऱ्याला बंदुकीची पूजा मात्र जोरात असते.

एका दसऱ्याला हळदकुंकू वाहून झालं आन त्यानं सात वर्षांच्या लेकीला हाक मारली, "ये बेटा, धर. लहानपणीच हात बसला पाह्यजे."

बंदूक तिच्याएवढीच. पोरगी पेलून पेलून किती पेलणार? नळी आमच्या अंगावरून फिरू राह्यली. आम्ही सात-आठ माणसं चटईवर बसलेलो.

मी हळूच म्हणलं, "भगवान, भरलेली तर न्हाई ना रे?"

"काका, बिलकुल खाली हाय. तुमी जुनी माणसं उगंच भेता."

"बराबर हाय. मंग तिला म्हण, तुझ्या त्या नव्या गाडीच्या काचेवर धर आन दाब घोडा."

गडी असा झेपावला की पूजेचं ताट उलटं झालं. पोरीच्या हातातून बंदूक हिसकून मलाच म्हणतो, "काका, काच फुटली म्हंजे?"

तव्हापासून त्याच्या घरी सोनं द्यायला गेलो, की मी चटईवर बसत न्हाई. गाडीला टेकून उभा राह्यतो.