आगाशे सरांनी लिहिलेला राजीनामा

...नाही, पण मी म्हणतो, मंत्र्याचा राजीनामा लिहून देणं हे काय निवृत्त मराठीच्या मास्तरांचं काम आहे? शनिवार पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात ना, ते आगाशे सर हो! ताकभात कालवत बसले होते बिचारे, तेवढ्यात दारात लाल दिव्याची गाडी! तुम्हाला सांगतो, जिना चढून कोण आलं, तर मंत्री जयसिंगराव! सरांचे विद्यार्थी. मराठीत दोनदा नापास, आणि तेही सरांनीच केलेले!

"सर, वाचवा. वरनं राजीनामा मागितलाय."

प्रकरण काय, तर साहेबांनी एका शाळेच्या मैदानाचं आरक्षण उठवलं आणि तिथं मेव्हण्याचं मंगल कार्यालय उभं राहिलं. शाळा कुठली? सरांचीच! बत्तीस वर्षं शिकवलं त्यांनी तिथं! दुसऱ्या कुणी जिन्यावरून ढकललं असतं. सर म्हणाले, "लिहितो. पण पहिलं वाक्य 'माझं चुकलं'. ते खोडायचं नाही."

"त्यापरीस 'विरोधकांचं षड्‌यंत्र हाय' असं लिवा की!"

"षड्‌यंत्र लिहिता येतं का तुला?"

साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला! आता मला सांगा, यात सरांचं काय चुकलं?

लिहिलं हो सरांनी. खरचटलेले गुडघे, मधल्या सुट्टीतला आरडाओरडा, आणि शेवटी... 'ज्या मातीनं मला धावायला शिकवलं, तीच मी देऊन टाकली.' सरांना वाटलं, हे वाचलं की गडी कायमचा घरी बसला! सरांच्या पत्नी कुसुमवहिनी म्हणाल्यासुद्धा, "अहो, फारच चांगलं झालंय. जरा वाईट लिहा." पण सरांना वाईट लिहिता येत नाही, यात तरी सरांचं काय चुकलं?

जयसिंगरावांनी ते टीव्हीवर वाचलं. 'पश्चात्ताप' शब्दाला तीनदा अडखळले. जोडाक्षर येईना हो! लोकांना वाटलं, हुंदका आला! स्वारगेटला टीव्हीच्या दुकानासमोर बायका डोळे पुसतायत, "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!" सहा महिन्यांत निवडणूक, दुप्पट मतांनी विजय, पुन्हा मंत्री! आणि मंगल कार्यालय? आहे की तिथंच! दोन वर्षं तारीख मिळत नाही!

परवा वहिनी कडाडल्या, "बघा, तुमच्या लेखणीनं कुणाला निवडून आणलं! शाळेच्या पोरांना काय तोंड दाखवणार?"

सर चष्मा पुसू लागले. मग हळूच म्हणाले, "कुसुम, रागावू नकोस... मीही मत त्यालाच दिलं. काय करणार, पटलंच गं मला ते!"